मोडायची जागा

शेडमध्ये पाऊल टाकणार इतक्यात आतून आवाज आला, “ताई, तिथं पाय नका देऊ. पंजा हाय तिथं.”

खाली पाहिलं. कोब्यावर खडूनं एक आकृती काढलेली होती. जमिनीलगत एक लांब आडवा दात, त्यावर झुकलेलं एक वाकडं बोट, बोटाच्या मुळाशी गोल आणि गोलापासून तिरकी वर गेलेली जाड रेघ. शेजारी इंचांतले आकडे : ३८, २४, ६. वस्तू जेवढी होणार तेवढीच आकृती, एकास एक. वाकड्या बोटाच्या जागी मिस्त्रींनी त्याच आकाराचा पुठ्ठा कापून ठेवला होता आणि मुळाशी खिळा दाबून धरून ते तो पुठ्ठा हळूहळू फिरवत होते. बोट मिटताना कुठं अडकतं, पूर्ण उघडल्यावर ट्रॅक्टरच्या मडगार्डला लागतं का, हे सगळं लोखंड कापायच्या आधी बघून घ्यायचं. एकदा गॅस कटर चालला की पट्टी परत जोडता येते, पण पहिल्यासारखी होत नाही.

‘हातानं घडवलेलं’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला, तेव्हा त्यांनी पैठणी, तांब्याची भांडी, सतार अशी नावं घेतली. त्यांवर माझ्यापेक्षा जाणती माणसं लिहितील. मला घडत असलेली, अजून नीट न जमलेली वस्तू बघायची होती. तयार वस्तूपुढं उभं राहिलं की तिच्यामागच्या चुका दिसत नाहीत, आणि मला चुकांमध्येच रस होता. ओळखीतल्या एका द्राक्ष बागायतदारांनी, त्यांना सगळे आबा म्हणतात, सांगितलं, “मग आमच्या मिस्त्रीकडं या. गेल्या वर्षीचा पंजा मोडलाय, दुसरा करतोय.”

म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी तासगावहून पलूसच्या दिशेनं निघाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळ्या सोडलेली बेदाण्याची शेडं होती, हंगाम सरत आलेला. मिस्त्रींच्या शेडवर पाटी नाही. लिंबाच्या झाडाखाली ट्रॉलीचा मोडका सांगाडा, चार नांगर, एक ब्लोअर आणि पाठ शेडकडं करून उभा केलेला आबांचा छोटा ट्रॅक्टर, एवढी खूण पुरे होती.

काड्यांचा भारा

पंजा कशासाठी हवा, ते बागेत गेल्याशिवाय कळत नाही. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. खरड छाटणीत वर्षभर वाढलेल्या सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांपर्यंत, कापून टाकतात. वेल बोडका होतो आणि ओळींमधली जमीन काड्यांनी झाकून जाते. या काड्या सरळ नसतात. वेलीच्या ताण्यांनी एकमेकींत गुंतलेल्या, तारेत अडकलेल्या, हाताला ओरखडणाऱ्या. त्या ओढून ओळीच्या तोंडाशी आणायच्या, भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा आणि बांधाकडं न्यायचा. हे काम बायकांचं. बागेत छाटणीची कात्री चालवणाऱ्याला कसबी म्हणतात. काड्या उचलणारीला काही म्हणत नाहीत.

शिवाय दुसरं एक जड काम अलीकडं वाढलंय. वेल थकले की बारा-पंधरा वर्षांनी बाग काढावी लागते. पण गेल्या काही वर्षांत अवकाळीनं आणि दरानं कंबर मोडल्यामुळं तरण्या बागासुद्धा काढल्या जातायत. आधी काड्या, मग तारा गुंडाळायच्या, मग साखळी बांधून खोडं उपटायची. इकडच्या बहुतेक बागा डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेल्या. हा खुंट दुष्काळी, खारवट जमिनीत तग धरतो म्हणून लावला, आणि त्याची मुळंही तशीच चिवट. मुळासकट उपटलेलं खोड दोघांनी धरून उचलावं लागतं. एकरात अशी शेकड्यांनी.

“जेसीबी का नाही बोलवत?” मी आबांना विचारलं.

“बोलावला की. एका दिवसात सगळं काढून दिलं. पण ठिबकच्या नळ्या चिरडल्या, आणि बांध फोडून आत आला तो वेगळाच. शेजारच्या चालू बागेत तर त्याला शिरताच येत न्हाय.”

नऊ फुटांवर ओळ असली तरी दोन्ही बाजूंचे खांब, आडव्या पट्ट्या आणि वेलींचा पसारा धरला तर मधली वाट बरीच कमी उरते. छोटे ट्रॅक्टर या भागात आले ते त्या वाटेसाठी. महिंद्राचा एका सिलिंडरचा पंधरा अश्वशक्तीचा युवराज, व्हीएसटीचा साडेअठरा अश्वशक्तीचा, राजकोटचे कॅप्टन, कुबोटाचा चोवीस आणि सत्तावीसचा निओस्टार. त्यांच्यामागं ब्लोअर लावून औषध मारायचं, रोटर मारायचा, शेणखताची छोटी ट्रॉली ओढायची. ओळीतून सहज फिरतं असं तेवढं एकच यंत्र शेतकऱ्याकडं आहे. मग काड्या आणि खोडं उचलायचं कामही त्यालाच सांगावं, हा विचार आबांच्या मनात आला यात नवल नाही.

परदेशात लहान ट्रॅक्टरला पुढं लोडर असतो आणि त्याला असा पंजा लावलेला मिळतो. आपल्याकडं छोट्या ट्रॅक्टरला पुढचा लोडर क्वचित दिसतो. मागची लिफ्ट मात्र प्रत्येकाला असते. म्हणून मिस्त्रींनी पंजा मागं बसवायचं ठरवलं. ट्रॅक्टर उलटा चालवत ढिगाऱ्यात दात घालायचे, वरची बोटं मिटायची आणि लिफ्ट उचलायची.

पहिला पंजा

मोडलेला पंजा शेडच्या मागं उन्हात पडला होता. बघताच ‘दणकट’ असं म्हणावंसं वाटलं. मी तसं म्हणालेही. मिस्त्रींनी मान हलवली. “तीच चूक झाली ना ताई.”

सांगाडा पाच इंची चॅनेलचा. दात ट्रकच्या जुन्या पाट्यांचे. पाटा म्हणजे पोलाद, वाकतं पण परत सरळ होतं. दाताला याहून चांगला माल कुठला, असा तेव्हाचा हिशेब. वर भंगारातून आणलेला ५० मिलिमीटरचा हायड्रॉलिक सिलिंडर. सगळं मिळून काट्यावर १९० किलो भरलं.

पहिल्या आठवड्यातच एक दात गेला. मिस्त्रींनी मला तो तुकडा हातात दिला. तुटलेली जागा बघा म्हणाले. मला वाटलं होतं वेल्डिंगचा टाका सुटला असेल. टाका जसाच्या तसा होता, फुगीर, खवल्याखवल्यांचा, सुबक. त्याच्या शेजारी साधारण चार मिलिमीटरवर पोलाद तुटलं होतं, आणि तुटलेला भाग करड्या साखरेसारखा दाणेदार दिसत होता. वाकून, ताणून तुटलेलं लोखंड असं दिसत नाही. ते ओढल्यासारखं, तंतूंचं दिसतं. हे काच फुटावी तसं फुटलं होतं.

कारण पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त. वेल्डिंगनं टाक्याशेजारचा पट्टा लाल होतो आणि बाजूचं थंड पोलाद त्याची उष्णता झटक्यात ओढून घेतं. भरभर गार झालेला तेवढाच पट्टा कडक आणि ठिसूळ होऊन बसतो. त्यातून घाईच्या दिवसात हाताखालच्या पोरानं त्यावर पाणी मारलेलं. पाट्याला टाका घालायचा तर आधी दोन्ही बाजू तापवून घ्याव्या लागतात, कोरडा ७०१८ चा रॉड वापरावा लागतो आणि नंतर तो जोड गरम राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू द्यावा लागतो. मिस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. “बापानं कोयत्याला पाणी पाजताना दाखवलं होतं की. तिथं कडक करायचं असतंय म्हणून पाणी. हितं तेच नको होतं.” लोहाराच्या भात्यापाशी शिकलेली गोष्ट वेल्डिंगच्या टेबलाशी आठवायला एक दात मोडावा लागला.

दात बदलता आला असता. खरी अडचण दुसरी होती, आणि ती आबांच्या धाकट्या मुलानं अंगावर घेतली. खोडांचा भारा उचलून तो चारीतून वर चढत होता. मागची चाकं चारीत, पुढची बांधावर. अचानक स्टिअरिंग हलकं झालं. पुढची चाकं जमिनीपासून वर उठली होती. त्यानं क्लच दाबला, लिफ्ट सोडली, भारा आदळला आणि ट्रॅक्टर पुन्हा चार चाकांवर आला. हे सांगताना तो हसत होता. आबा हसत नव्हते.

वजन कुठं टेकतं

त्या संध्याकाळी लिंबाखाली बसून मिस्त्रींनी मला जो हिशेब सांगितला तो मी वहीत नीट मांडून पाहिला.

समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा. त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर, ४८० मागच्या. दोन्ही आसांतलं अंतर दीड मीटर. पंजा आणि ओझं मिळून जो भार होतो तो मागच्या आसापासून १.२ मीटर मागं लोंबतो. मागचा आस ही तागडीची मधली खुंटी. मागं शंभर किलो टांगले की पुढच्या चाकांवरचे ऐंशी किलो कमी होतात. मागं चारशे झाले की पुढं शून्य. पण त्याच्या कितीतरी आधी ट्रॅक्टर वळायचा थांबतो. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर टेकलेला असावा, हा ठोकताळा. तो धरला तर मागच्या भाराची मर्यादा येते फक्त १६० किलो.

आणि पहिला पंजा रिकामाच १९० किलोचा होता.

मी हा हिशेब दोनदा केला, कारण विश्वास बसेना. कंपनीच्या कागदावर या ट्रॅक्टरची उचलण्याची ताकद याच्या कैक पट लिहिलेली असते. तो आकडा खोटा नाही. तो लिफ्टच्या ताकदीचा आकडा आहे, आणि बहुतेकदा खालच्या दोन दांड्यांच्या टोकापाशी मोजलेला. लिफ्ट उचलेल, पण काय उचलेल? ओझं उचलेल किंवा ट्रॅक्टरचं तोंड.

यावर दोन उपाय, आणि मिस्त्रींनी दोन्ही केले. पुढच्या बंपरवर भंगारातल्या जाड प्लेटांची शंभर किलोंची थप्पी बोल्टांनी आवळली. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढं टांगलेले शंभर किलो त्या आसावर एकशे तेहेतीस किलोंचं काम करतात. त्यानं मागची मर्यादा १६० वरून २७० च्या आसपास गेली. दुसरा उपाय म्हणजे पंजाच हलका करायचा. नवा पंजा ९५ किलोंत बसवायचा, हे आकृतीच्या आधी ठरलं होतं. कोब्याच्या कोपऱ्यात खडूनं ‘९५’ लिहून त्याभोवती गोल केलेला मला नंतर दिसला. म्हणजे काड्या-खोडांसाठी पावणेदोनशे किलो उरले. बायकांच्या डोक्यावरचे किती भारे झाले ते ज्याचं त्यानं मोजावं.

ट्रॅक्टर मागं उलटण्याची ही भीती जुनी आहे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं तीन सांध्यांची जोडणी काढली आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर बसली, त्यामागं हेच कारण होतं : नांगर दगडात अडकला की तेव्हाचे ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभे राहून चालकाच्या अंगावर येत. फर्ग्युसननं खाली दोन दांड्या आणि वर एक टॉपलिंक अशी रचना केली, की नांगर अडकला तर ट्रॅक्टरचं तोंड उलट खाली दाबलं जातं. आज गावातला कुठलाही पोरगा तीन पिना काढून दहा मिनिटांत अवजार बदलतो ते त्या रचनेमुळं. पण ती रचना ओढायच्या कामाची काळजी घेते. मागं ओझं टांगून हिंडायचं तर तोल आपला आपणच सांभाळायचा.

तेलाचा जोर

हायड्रॉलिकचं मला लहानपणापासून कुतूहल. बोटभर नळीतून तेल जातं आणि माणसाला न हलणारी वस्तू हलते. मिस्त्रींनी ५० चा सिलिंडर काढून ४० चा घेतला तेव्हा मी विचारलं, जोर कमी नाही का होणार?

होणार. तोच तर हेतू. १५० बारच्या दाबाला ५० मिलिमीटरचा दट्ट्या जवळपास ३,००० किलोंनी ढकलतो, ४० चा १,९०० किलोंनी. सिलिंडर बोटाला मुळापासून सहा इंचांवर ढकलतो आणि बोटाचं टोक चोवीस इंचांवर, म्हणजे टोकाशी चौथा हिस्सा पोचतो : पावणेपाचशे किलो. काड्या धरून ठेवायला त्याचा अंशही पुरतो. त्याहून जास्त जोर आला तर तो काड्यांवर न पडता पिनांवर, बुशांवर आणि टाक्यांवर पडतो, आणि मग ते सगळं जाड करावं लागतं, आणि मग वजन वाढतं. पहिल्या पंज्यात नेमकं हेच झालं होतं.

दुसरी गोष्ट वेगाची. छोट्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला पंधरा लिटर तेल देतो असं धरलं तरी हा सिलिंडर एका सेकंदात पूर्ण भरतो. बोटं एका सेकंदात मिटणार असतील तर जवळ उभ्या असलेल्या माणसाला हात मागं घ्यायला वेळ नाही. म्हणून तेलाच्या वाटेवरच्या निपलमध्ये दोन मिलिमीटरचं बारीक भोक ठेवलं. आता बोटं सावकाश, म्हातारा माणूस मूठ मिटतो तशी मिटतात.

अशा ट्रॅक्टरवर ट्रॉली उलटी करण्यासाठी बाहेर तेल काढायची सोय असते, पण ती एकमार्गी : तेल ढकलतं, वजनानं परत येतं. पंज्याला उघडायलाही जोर लागतो आणि मिटायलाही. मग दोन नळ्या, लिव्हरचा वेगळा व्हॉल्व्ह, आणि परत येणारं तेल ट्रॅक्टरच्या पोटात. इथं मिस्त्रींचा चेहरा गंभीर झाला. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकच असतं. बाहेरच्या सिलिंडरमधली चिमूटभर कीस आत गेला तर पंप खराब होतो. त्यांनी नवा सिलिंडर रॉकेलनं तीन वेळा धुतला आणि नळ्यांची तोंडं बांधायच्या क्षणापर्यंत प्लास्टिकच्या बुचांनी बंद ठेवली. सगळ्या शेडमध्ये राख, कीस, चिखल. पण त्या दोन नळ्यांपाशी दवाखान्यासारखी शिस्त.

नळी पाझरतेय का हे हात फिरवून बघू नका, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं. दिसणार नाही एवढ्या बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. वर टाचणी टोचल्याएवढी खूण आणि आत बोट कापावं लागेल एवढं नुकसान. ते पुठ्ठा फिरवून बघतात.

वाडीचं लोखंड

मिस्त्रींचे वडील किर्लोस्करवाडीला फौंड्रीत होते. शेडपासून वाडी लांब नाही. या मुलखात लोखंड आणि शेती यांचा संसार तिथूनच सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोखंडानं जमीन नासते, असा समज. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ निवडुंगानं भरलेल्या माळावर त्यांनी कारखाना वसवला आणि पुढच्या काळात तोच नांगर घरोघर गेला.

मला त्या इतिहासातलं एक सारखं आठवतं. नांगर विकत घेणारा आणि नांगर करणारा यांच्यात तेव्हा फार अंतर नव्हतं. आज कारखान्यातलं अवजार दुकानातून येतं; त्याचा दात वाकला तर ते आखणाऱ्या माणसापर्यंत शेतकऱ्याचा आवाज पोचायला वर्षं जातात. मिस्त्रींकडं आबा दुपारी तुटलेला तुकडा घेऊन येतात आणि संध्याकाळी आकृती बदलते. द्राक्षाच्या या पट्ट्यात तशी सवयही आहे. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून इथल्या शेतकऱ्यांनी आपल्याच बागेत प्रयोग करून वह्या भरल्या. तास-ए-गणेश हा वाण याच भागातल्या शेतकऱ्याच्या नजरेनं सापडलेला. आबांच्या घरी अजून त्या काळच्या वह्या आहेत : पान किती, काडी किती जाड, पाणी कधी. आता शेवटच्या पानांवर पंज्याची नोंद आहे. ‘१४ एप्रिल. डावा दात दोन सूत खाली. सांगितले.’

अशा कामाला लोक जुगाड म्हणतात. मला तो शब्द इथं लावावासा वाटत नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. पुठ्ठ्यावर बोट फिरवून बघणारा, दोन मिलिमीटरचं भोक मोजून पाडणारा माणूस वेळ मारून नेत नाही. आणि छोट्या शेडमधून निघालेल्या गोष्टी छोट्याच राहतात असंही नाही. ज्या पिवळ्या यंत्राला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, त्याची सुरुवात १९४५ साली इंग्लंडमध्ये उटॉक्सिटर गावी एका भाड्याच्या गॅरेजात झाली. जोसेफ सिरिल बॅम्फर्डनं एका पौंडाला घेतलेल्या वेल्डिंगच्या संचावर महायुद्धातल्या उरल्यासुरल्या मालातून शेतकऱ्यासाठी उलटी होणारी एक ट्रॉली जोडली आणि बाजारात विकली.

तरी एक उणीव आहे आणि ती लपवायची नाही. सरकारी अनुदान मिळायचं तर अवजाराची नेमून दिलेल्या केंद्रावर तपासणी लागते. मिस्त्री वर्षाला दोन पंजे करणार. तपासणीचा खर्च, कागद, हेलपाटे त्यांना कसे परवडणार? त्यामुळं असं अवजार कुठल्याच यादीत नसतं, आणि त्याचा तोल चुकला तर ते चारीतल्या चढावर, आबांच्या मुलाच्या अंगाखाली कळतं. यादीत बसवणं सोडा, पण जवळच्या कृषी महाविद्यालयातून कुणी तरी वजनकाटा घेऊन अशा शेडमध्ये वर्षातून दोनदा आलं, पुढच्या चाकांखाली काटा ठेवून आकडा वाचून दाखवला, तरी पुष्कळ होईल. मला हे मनापासून वाटतं.

आठाचा बोल्ट

दात आता पाट्याचे नाहीत. ५० बाय १६ ची साधी पट्टी, उभी धरलेली. ती वाकेल, पण फुटणार नाही, आणि वाकली तर तापवून सरळ करता येते. प्रत्येक दात एका खाचेत बसतो आणि दोन बोल्टांवर राहतो : मागं सोळाचा जाड, पुढं आठाचा बारीक.

“हा बारीक कशाला? तोच आधी तुटेल की,” मी म्हणाले.

“तुटायलाच हाय तो.”

मग त्यांनी हातातल्या पान्यानं एकेक जागा दाखवत सांगितलं. ढिगाऱ्याखाली न उपटलेलं एखादं खोड असतं. ते दिसत नाही. दात त्याच्या मुळात अडकतो आणि चालवणारा लिफ्ट ओढतो. आता काहीतरी मोडणारच. काय मोडावं? पट्टी वाकली तर अर्धा दिवस. सांगाड्याचा टाका गेला तर एक दिवस. लिफ्टचं हाऊसिंग तडकलं तर ट्रॅक्टर महिनाभर दारात, ऐन हंगामात. आणि काहीच मोडलं नाही तर ट्रॅक्टरचं तोंड वर. “म्हणून मोडायची जागा आपण आधी ठरवायची. हितं मोडू दे. दहा रुपयांत भागतंय.”

गेल्या वर्षी ते सगळं मजबूत करत सुटले होते. यंदा त्यांनी एक जागा जाणूनबुजून कच्ची ठेवली, आणि ती किती कच्ची ठेवायची याला सगळ्यांत जास्त वेळ दिला. सहाचा बोल्ट नुसत्या खोडांच्या ओझ्यानंच गेला. दहाचा गेलाच नाही; ट्रॅक्टर उठायला लागला. आठाचा जमला, तोही साधा. डोक्यावर ८.८ असा छाप असलेला पक्का बोल्ट नाही.

वेल्डिंग चाललं होतं त्या दोन दिवसांत ट्रॅक्टर शेडबाहेरच ठेवला होता. अवजार ट्रॅक्टरला लावून टाका मारला तर करंट बेअरिंगांतून आणि अल्टरनेटरमधून वाट काढतो. मारावाच लागला तर बॅटरीची तार सोडायची आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावायचा. पोरगा चष्मा न लावता एकदा जवळ गेला. मिस्त्रींनी त्याला नावानं हाक मारून थांबवलं. डोळ्यांत रात्रभर वाळू खुपत राहिल्यासारखं होतं, ते त्यांनी तरुणपणी भोगलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंजा बागेत गेला. काढलेल्या बागेच्या कडेला खोडांचा ढीग होता. धाकट्यानं ट्रॅक्टर उलटा घेतला, दात जमिनीलगत सरकवले, बोटं मिटली. काड्या चुरचुरल्या. लिफ्ट उचलली. पुढची चाकं जमिनीला चिकटून राहिली आणि भारा दोन फूट वर, तसाच बांधाकडं निघाला. आबा पुढच्या चाकाशेजारून चालत होते, चाकावरची नजर न काढता.

चौथ्या-पाचव्या खेपेला ठण्ण असा आवाज झाला. धाकट्यानं ट्रॅक्टर थांबवला. उजवीकडचा दात खाली लोंबत होता, बोल्टाचे दोन तुकडे मातीत. ढिगाखाली खरंच एक खोड जमिनीत तसंच होतं. मिस्त्री तिथपर्यंत चालत गेले, तुकडा उचलून तुटलेला भाग निरखला आणि खिशात टाकला. सीटखालच्या डब्यातून नवा बोल्ट निघाला, पाना लागला, पाच मिनिटांत काम सुरू.

दुपारी मात्र मिस्त्रींनी धाकट्याला चांगलंच सुनावलं. सारखा तुटतो म्हणून त्यानं मधल्या दाताला गुपचूप ८.८ चा बोल्ट घातला होता.

काड्या वेचणाऱ्या तीन बायका बांधावरच्या लिंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. मी त्यांच्यात जाऊन बसले. या पंज्यानं तुमची हजेरी जाईल का, असं विचारलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांतल्या वयस्क मावशी म्हणाल्या, “काड्या आतनं त्यो थोडीच ओढणाराय? तारेतनं सोडवून तोंडाला आणायच्या त्या आमीच. डोक्यावरचं गेलं म्हंजे झालं. मान बघा माझी.” त्यांनी मान डावीकडं वळवून दाखवली, उजवीकडं ती वळत नव्हती. दुसरी जरा तरणी, ती म्हणाली, “चार दिसांचं काम अडीच दिसात झालं तर दीड दिस कुठं जायचं, ते बी सांगा.” त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आबांनी ते ऐकलं. पूर्वी बांधावर पेटवून द्यायच्या काड्या ते यंदा यंत्रात बारीक करून वेलींच्या बुडाशी आच्छादन म्हणून घालणार आहेत. ते पसरायला हात लागतील, असं ते म्हणाले. तरण्या बाईनं मान हलवली, पण बरं असं काही म्हटलं नाही.

दुसरी आकृती

जूनमध्ये मी पुन्हा गेले. पहिला पाऊस होऊन गेला होता आणि रॉड ओले होऊ नयेत म्हणून मिस्त्रींनी ते बल्ब लावलेल्या पेटीत ठेवले होते. आबांच्या पंज्यानं पंधरवड्यात सात बोल्ट खाल्ले, सगळे आठाचे. पिनांना ग्रीस कमी पडतंय एवढीच तक्रार होती.

शेडमध्ये कृष्णाकाठच्या गावातून एक जण आले होते. त्यांचा ट्रॅक्टर आबांच्यापेक्षा मोठा आणि चारही चाकांना जोर असलेला. त्यांनी पंज्याची गोष्ट ऐकली होती, तसाच एक हवा होता, श्रावणाच्या आत. मिस्त्रींनी आबांच्या पंज्याचा पुठ्ठ्याचा फर्मा काढला नाही. स्टूल पुढं केलं आणि विचारलं, “उचलायचं काय?”

“पुराचं,” ते म्हणाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पाणी उतरल्यावर त्यांच्या रानात काय काय येऊन पडलं होतं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाभळी. उसाच्या मोळ्या, कुजलेल्या. पीव्हीसीचे पाइप. कुणाच्या तरी छपराचे पत्रे. मग ते थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, “जनावरं. गोठ्यातली. ती हातानं वढावी लागली.”

मिस्त्री बराच वेळ कोब्याकडं बघत राहिले. आबांच्या पंज्याची आकृती अजून तिथंच होती, पुसट झालेली.

“मग दात नकोत,” ते म्हणाले. “खालनं सुपासारखं पायजे. टोचायला नको.”

त्यांनी गोणपाट पाण्यात बुडवून पिळलं, गुडघ्यावर बसून जुनी आकृती कडेपासून कडेपर्यंत पुसली, आणि कोबा वाळायची वाट बघत खडू हातात धरून बसले.